आम्हाला एक्स-रे रूममधून मोकळे करू नका

माननीय कुलगुरू, तसेच विद्या परिषद, अभ्यास मंडळ आणि संशोधन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यासमोर विचारासाठी आलेल्या प्रस्तावात एक ओळ खास आमच्या भल्यासाठी घातलेली दिसते. रेडिओग्राफीच्या अधिव्याख्यात्यांना रुग्णालयातल्या कामातून मोकळे करावे, म्हणजे त्यांना संशोधनाला वेळ मिळेल. विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके शक्यतो सिम्युलेशन लॅबमध्ये घ्यावीत. पोस्टिंगवरच्या विद्यार्थ्यांकडे तिथल्या वरिष्ठ रेडिओग्राफरांनी लक्ष द्यावे. हेतू चांगला आहे. ‘संशोधनाला वेळ कुठे आहे?’ हे रडगाणे आम्हीच इतकी वर्षे गात आलो, त्याला मिळालेले हे उत्तर असावे. तरीही ही सवलत मला नको आहे. का नको ते जरा सविस्तर लिहिते, कारण समितीतल्या बहुतेकांचा एक्स-रे रूमशी संबंध रुग्ण म्हणूनच आलेला असतो, आणि रुग्णाला दिसते ते एवढेच: कुणीतरी आपल्याला उभे करते, ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणते, आडोशाला जाते आणि बटण दाबते.

बटण दाबायच्या आधी बरेच काही ठरलेले असते. छातीच्या साध्या पीए (किरण पाठीकडून छातीकडे जाणाऱ्या) एक्स-रेलाही ट्यूब १८० सेंटिमीटरवर का न्यायची, खांदे पुढे का ढकलायचे, केव्ही (किरणांची भेदकता) किती, एमएएस (किरणांचे प्रमाण) किती, विखुरलेले किरण अडवणारी ग्रिड हवी की नको, हे सगळे रुग्ण शर्ट काढेपर्यंत ठरवावे लागते. हृदय आहे त्याहून फार मोठे दिसू नये म्हणून अंतर. खांद्याची पाती फुप्फुसांवर येऊ नयेत म्हणून खांदे पुढे. एवढे वर्गात शिकवता येते आणि आम्ही शिकवतो. अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

गुडघ्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे, घ्या. पुस्तकात जेमतेम अर्ध्या पानाचा विषय. मांडीच्या हाडाचे खालचे दोन्ही काँडाइल (गोलसर टोके) एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. आतल्या बाजूचा काँडाइल सांध्याच्या फटीवर उतरू नये म्हणून ट्यूब डोक्याच्या दिशेने ५ ते ७ अंश कलवायची. लॅबमधला फँटमचा, म्हणजे नकली शरीराचा, गुडघा ठेवाल तसा राहतो, त्यामुळे विद्यार्थिनीला पहिल्या फटक्यात पूर्ण गुण मिळतात. मग ती विभागात येते. टेबलावर वयस्कर गृहस्थ, गुडघा सुजलेला, कुशीवर वळवले तरी कंबर मागे कलंडते आहे. पहिली इमेज येते: दोन काँडाइल, दोन वेगवेगळ्या कडा. गुडघा थोडा फिरवायला हवा हे तिला कळते, कुठल्या दिशेने ते कळत नाही. ती अंदाजाने फिरवते. दुसरी इमेज पहिलीपेक्षा वाईट निघते, आणि एव्हाना बाहेर थांबलेले लोक दारातून डोकावायला लागलेले असतात.

अशा वेळी शेजारी उभी राहून मी एकच प्रश्न विचारते: ‘यातला आतला काँडाइल कुठला?’ आतल्या काँडाइलच्या वर, मागच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो, अॅडक्टर ट्यूबरकल. तो सापडला की आतला काँडाइल ओळखू येतो, तो पुढे सरकलाय की मागे ते दिसते, आणि गुडघा कुठे फिरवायचा हे ठरते. अंदाज संपतो. हाच प्रश्न मी वर्गातही विचारते; तिथे स्लाइडवर बाण असतो, त्यामुळे सगळे बरोबर उत्तर देतात. हातात दुसऱ्याचा दुखरा गुडघा असताना, एक एक्सपोजर वाया गेल्यावर, तेच उत्तर शोधायला लावणे ही वेगळी शिकवणी आहे. ती ज्या दिवशी लागते त्या दिवशी शिक्षक तिथे हजर असावा लागतो.

आता यातूनच संशोधनाचा प्रश्न कसा निघतो ते पाहा. दुसरे एक्सपोजर देण्याआधी ट्यूबरकल शोधून दाखवायची सक्ती केली तर लॅटरल गुडघ्यांचे रिपीट (पुन्हा काढावे लागणारे एक्स-रे) कमी होतात का? कमी झाले तर शिकाऊंचेच होतात की अनुभवी लोकांचेही? हा प्रश्न जर्नलच्या मोठ्या यादीत कुणाला लहान वाटेल. पण उत्तर मिळाले तर पुढच्या आठवड्यापासून विभागात वापरता येईल आणि रुग्णाचे एक एक्सपोजर वाचेल. माझ्या विषयातले संशोधन बहुतांशी असे असते, आणि असेच असावे असे माझे मत आहे.

त्याउलट आम्हाला मोकळे केल्यावर काय होते याचा नमुना आजही प्रत्येक ग्रंथालयात मिळेल. ‘रेडिएशन सुरक्षेविषयी विद्यार्थ्यांमधील जागरूकता: एक सर्वेक्षण.’ मी स्वतः अशा प्रबंधांचे मार्गदर्शन केले आहे, तेव्हा हसण्याचा अधिकार थोडा मलाही आहे. हे विषय पुन्हा पुन्हा येतात याचे कारण त्यांची गरज नव्हे. प्रश्नावली खोलीत बसून तयार होते, मोबाइलवर पाठवता येते, नैतिकता समितीला तिची भीती वाटत नाही आणि सत्र संपायच्या आत निष्कर्षही येतो: जागरूकता मध्यम, प्रशिक्षणाची आवश्यकता. आम्हाला विभागातून बाहेर काढाल तर असे प्रबंध आणखी येतील, आणि आकडेवारीत संशोधन वाढल्याचेही दिसेल.

यावर कुणी म्हणेल की आता सगळ्या इमेजेस सर्व्हरवर असतात. संशोधकाने संगणक उघडून बसावे, रूममध्ये जायचे कारण काय? हा आक्षेप वरवर इतका बिनतोड आहे की त्याला सावकाश उत्तर देते.

पहिली गोष्ट, बाद झालेली इमेज बहुतेक ठिकाणी पॅक्सवर, म्हणजे इमेजेस साठवणाऱ्या त्या सर्व्हरवर, जातच नाही. ती मशीनच्या कन्सोलवर राहते आणि जागा भरली की पुसली जाते. डॉक्टरांना चुकलेल्या इमेजेस बघायच्या नसतात, तेव्हा ते रास्तच. पण शिक्षकाला आणि संशोधकाला नेमक्या त्याच हव्या असतात. चांगल्या इमेजवरून विद्यार्थी काय शिकला ते कळते. बाद इमेजवरून आपण काय शिकवले नाही ते कळते.

दुसरी गोष्ट, बाद करताना कन्सोल कारण विचारतो. समोर यादी उघडते: पोझिशनिंग, हालचाल, एक्सपोजर, आर्टिफॅक्ट वगैरे. गर्दीच्या वेळी हात यादीतल्या पहिल्या पर्यायावर जातो. रुग्ण हलला असला तरी पहिला, डावे-उजवे दाखवणारा मार्कर हव्या त्या भागावरच आला असला तरी पहिला. खोलीत बसलेला संशोधक या नोंदींवरून सुंदर आलेख काढेल आणि पोझिशनिंगचे प्रशिक्षण वाढवा अशी शिफारस करेल. यादीचा क्रम बदलला असता तर कदाचित शिफारसही बदलली असती. हे ज्याने सकाळच्या गर्दीत कन्सोलजवळ उभे राहून पाहिले आहे त्यालाच सुचते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. कोलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळणे, हा रेडिओग्राफीतला पहिला धडा. झोत आवळला की रुग्णाच्या शरीराचा कमी भाग किरणांत येतो, विखुरलेले किरण कमी होतात, इमेजही सुधारते. फिल्मच्या काळात कोलिमेशन केले की नाही ते फिल्मवरच दिसायचे. कडेला पांढरी चौकट उमटायची. डिजिटलमध्ये झोत ऐसपैस उघडा ठेवून एक्सपोजर द्यायचे आणि मग कडा माउसने कापून टाकायच्या, हे दोन सेकंदांचे काम झाले. मनगटाच्या एक्स-रेसाठी अर्धा हात किरणांत आला तरी पडद्यावर नीटनेटके मनगट दिसते. कापलेली इमेज सर्व्हरवर गेली की पुढे पाहणाऱ्याला ती कशी घेतली याचा पत्ता लागत नाही. म्हणजे सर्व्हरवरच्या इमेजेस मोजून कोलिमेशनचा अभ्यास करणारा माणूस ‘कोलिमेशन उत्तम’ असा निष्कर्ष काढेल, आणि त्याच वेळी शेजारच्या रूममध्ये माझा विद्यार्थी हे कापणे शिकत असेल. कुणी मुद्दाम शिकवत नाही त्याला. तो बघतो आणि उचलतो. वर्गात सांगितलेले परीक्षेसाठी आणि विभागात पाहिलेले कामासाठी, अशी वाटणी मुले फार लवकर करतात.

यात वरिष्ठ रेडिओग्राफरांचा दोष काढत नाही. त्यांच्याकडे हातच्या कलेचे जे भांडार आहे ते माझ्याकडे नाही. हाड मोडलेल्या मुलाचा एक्स-रे रडू न देता कसा काढावा हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण त्यांच्या डोक्यावर दिवसभराच्या रुग्णांचा भार असतो. त्याच तासात त्यांनी विद्यार्थ्याला ‘असे का?’ विचारावे, त्याचे मूल्यमापन करावे आणि सही करावी, ही अपेक्षा ठेवली की तपासणी राहून जाते, सही तेवढी होते.

एक्सपोजरचेही तसेच. फिल्मवर किरण जास्त पडले की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटल डिटेक्टर जास्त किरण बिनतक्रार स्वीकारतो. उलट इमेज जास्त स्वच्छ, कमी दाणेदार दिसते. किरण कमी पडले तर मात्र दाणे दिसतात आणि रेडिऑलॉजिस्टचा फोन येतो. साहजिकच हात हळूहळू वरच्या आकड्याकडे सरकतो. या सरकण्याला आमच्याकडे ‘डोस क्रीप’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून २००८ साली एक्सपोजर इंडेक्सचे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यातला डेव्हिएशन इंडेक्स शून्य असेल तर लक्ष्य साधले, +३ म्हणजे लक्ष्याच्या सुमारे दुप्पट, −३ म्हणजे सुमारे निम्मे. विद्यार्थी हे घडाघडा सांगतात. पण तो आकडा डिटेक्टरवर पोहोचलेल्या किरणांविषयी बोलतो, रुग्णाच्या डोसविषयी थेट नाही, हे निम्म्यांच्या लक्षात येत नाही. आणि लक्ष्यच मुळात कुणी नीट ठरवून मशीनमध्ये भरले नसेल तर त्या शून्याला अर्थ उरत नाही, हे मशीनसमोर उभे राहून सेटिंग उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. एका विभागात हे असेच निघाले होते. विद्यार्थी इमानेइतबारे आकडा नोंदवत होते, आणि लक्ष्य मशीन बसवले तेव्हा होते तेच होते.

अभ्यासक्रम पाच वर्षांतून एकदा बदलतो, विभागातली रीत मधल्या काळात उलटीपालटी होते. प्रजननेंद्रियांवर शिशाचे आच्छादन ठेवा, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. २०१९ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनने ही नेहमीची पद्धत बंद करावी असे जाहीर केले आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्याच रेडिएशन संरक्षण परिषदेने तीच दिशा धरली. कारणे भक्कम आहेत. आच्छादन सरकून नेमका हवा तो भाग झाकते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. ते ऑटोमॅटिक एक्सपोजर कंट्रोलच्या, म्हणजे पुरेसे किरण मिळाले की एक्सपोजर आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवर आले तर मशीन उलट जास्त किरण देते. शरीराच्या आतच विखुरणाऱ्या किरणांना ते अडवू शकत नाही. शिवाय धोक्याचा अंदाजही बदलला: आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने (आयसीआरपी) प्रजननग्रंथींना दिलेला भारांक (एकूण धोक्यातला वाटा) १९९० च्या शिफारशींत ०.२० होता, २००७ मध्ये तो ०.०८ झाला.

कागदावर हे चार ओळींत संपते. रूममध्ये काय होते? वरिष्ठ म्हणतात ठेव, मी म्हणते ठेवू नकोस, आणि लहान मुलाची आई विचारते, ‘मागच्या वेळी ठेवले होते, आता का नाही?’ त्या आईला काय सांगायचे, किती सांगायचे, ती ठाम राहिली तर काय करायचे, हे विद्यार्थ्याने कुठे शिकायचे? लॅबमधल्या पुतळ्याला आई नसते. आणि कोणत्या शब्दांत सांगितले तर पालकांना पटते, हा माझ्या मते आजच्या घडीचा उत्तम संशोधन विषय आहे. तो दारात उभे राहून ऐकल्याशिवाय सुचणारही नाही.

आपल्या प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्तेवर मोठा परिच्छेद आहे, तेव्हा त्याविषयी एक गोष्ट सांगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखण्यासाठी शिकवलेली प्रणाली दुसऱ्या रुग्णालयाच्या एक्स-रेवर वापरली तर बहुतेक तुलनांत कमी पडत होती. खोदल्यावर दिसले की एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा आहे हे ती जवळजवळ अचूक ओळखत होती, आणि त्यासाठी ती जिथे बघत होती त्यात इमेजच्या कोपऱ्यातला धातूचा मार्करही होता. तोच डावे-उजवे दाखवणारा मार्कर, जो रेडिओग्राफर हाताने ठेवतो. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथला मार्कर दिसला की अंदाज त्या बाजूला झुकतो. मार्कर कोण ठेवतो, कुठे ठेवतो, पोर्टेबल एक्स-रे कुणाचा काढतात आणि का, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस अशा प्रकल्पात पहिल्या दिवसापासून हवा. आमच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवा, जरूर शिकवा. पण त्यांची खरी मिळकत इमेज जन्माला कशी येते या ज्ञानात आहे.

विभागातल्या साध्या निरीक्षणातून केवढे काम उभे राहते याचे उदाहरण १९८० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये आहे. अपघात विभागातल्या फिल्मवर काही गडबड वाटली तर रेडिओग्राफरने त्यावर लाल ठिपका चिकटवायचा, म्हणजे रात्रीच्या पाळीचा तरुण डॉक्टर दुसऱ्यांदा बघेल. लाल ठिपक्याला कुठलेही अनुदान लागले नसावे. त्यातून पुढे रेडिओग्राफरांच्या मताचे, मग त्यांच्या रिपोर्टिंगचे संशोधन उभे राहिले.

माझा सिम्युलेशनला विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नका. सरावासाठी म्हणून कुणाही माणसाला, अगदी विद्यार्थ्यांनी एकमेकांनाही, एक्सपोजर देणे समर्थनीय नाही. त्यामुळे फँटमशिवाय आमचे पान हलत नाही. या नियमाची किंमत आधीच्या लोकांनी चुकवली आहे. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये किरण शोधले, आणि एडिसनच्या प्रयोगशाळेत त्यांवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये त्याच किरणांच्या दुष्परिणामांनी गेला. ट्यूब नीट चालते का हे तपासायला त्या काळी लोक स्वतःचाच हात मध्ये धरत. अशांच्या नावांचा स्मृतिस्तंभ १९३६ पासून हॅम्बुर्गमध्ये उभा आहे. तेव्हा लॅब हवीच, आणि ती आजच्यापेक्षा चांगली हवी. पण पोहण्याच्या तलावाऐवजी काठावरची कवायत, असे तिचे स्थान होऊ नये.

मग मला हवे तरी काय? अधिव्याख्यात्याचा आठवड्यातला एक पूर्ण दिवस क्लिनिकल विभागात जावा आणि तो कार्यभारात अध्यापन म्हणून मोजला जावा, ‘इतर’ या रकान्यात नव्हे. संलग्न विभागांशी करार करताना बाद झालेल्या इमेजेस, ओळख काढून टाकून, ठरावीक काळ जपण्याची अट घालावी. तंत्र अवघड नाही, मागणी कुणी करत नाही एवढेच. फँटमवरचे प्रयोग आणि ओळख काढलेल्या बाद इमेजेसचे विश्लेषण यांसाठी नैतिकता समितीने लवकर मंजुरीची वेगळी वाट ठेवावी. आज फँटमचा प्रयोगही औषधाच्या चाचणीच्या अर्जावर भरावा लागतो, आणि ‘सहभागींची संमती कशी घेणार?’ या रकान्यात काय लिहावे हे मला अजून उमगलेले नाही.

प्रबंधांचेही जरा ऐका. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने नवा विषय शोधावा हा नियम सैल करा. एका गटाने गुडघ्यांच्या बाद इमेजेस वर्गीकृत कराव्यात, पुढच्या तुकडीने शिकवण्यात बदल करून पाहावा, तिसरीने परत मोजावे. दोघांनी एकच इमेज स्वतंत्रपणे पाहून तिचा दर्जा ठरवला तर किती वेळा एकमत होते, हे मोजायला शिकणे प्रश्नावलीपेक्षा कितीतरी कठीण आणि उपयोगी आहे. आणि पदोन्नतीच्या वेळी ‘बदल करून पाहिला, फरक पडला नाही’ असा प्रामाणिक निष्कर्ष असलेला छोटा अभ्यासही मोजा. त्याला मान नसेल तर तो कुणी लिहिणार नाही, आणि पुढचा विभाग तोच बदल पुन्हा करून पाहील.

यासाठी पैसा लागेल का? थोडा. आमच्याऐवजी त्या दिवशी वर्ग घेणारे कुणी लागेल, साठवणुकीची जागा लागेल. सिम्युलेटरच्या खरेदीशी तुलना केलीत तर आकडा फार मोठा वाटणार नाही. आणि प्रस्तावातले बाकीचे बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. परीक्षेतली ओएससीई (ठरावीक टप्प्यांवर प्रत्यक्ष कौशल्य तपासण्याची) पद्धत तर फार आधी यायला हवी होती.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्याआधी विद्या परिषदेची बैठक आहे असे समजते. ‘अधिव्याख्यात्यांना क्लिनिकल कामातून मुक्त करण्यात यावे’ या ओळीऐवजी मी पुढील मजकूर सुचवते: ‘रेडिओग्राफीच्या प्रत्येक अधिव्याख्यात्याने सत्रभर आठवड्यातून एक दिवस संलग्न क्ष-किरण विभागात विद्यार्थ्यांसोबत काम करावे, तो दिवस कार्यभारात धरण्यात यावा, आणि त्या विभागातील बाद इमेजेसच्या नोंदी अध्यापन व संशोधनासाठी उपलब्ध करून देण्यात याव्यात.’ चर्चेला बोलावलेत तर येईन. बैठकीआधी कुणा सदस्यांना कन्सोलजवळ उभे राहून एक सकाळ पाहायची असेल, तर विभागप्रमुखांची परवानगी काढण्याचे काम माझ्याकडे लागले.

आपली विश्वासू,
निदानात्मक रेडिओग्राफीची एक अधिव्याख्याती